ढालीचा डावा अर्धा भाग

सामानाच्या ट्रकमधून हमालांनी सगळ्यात शेवटी जी वस्तू उतरवली ती दोन चादरींत गुंडाळलेली होती, गोल होती आणि दोघांनी धरूनही दारातून आत जाईना. थोरला हमाल वैतागून म्हणाला, "बाई, झाकण एवढं, तर पातेलं केवढं असेल तुमचं?"

"झाकण नाही, ढाल आहे ती," केमिस्टबाई म्हणाल्या. "जरा तिरकी करा. आणि कडेला धक्का लावू नका, काशाचा पत्रा आहे."

हमालांनी ढाल तिरकी केली, आत नेली आणि संध्याकाळपर्यंत जलशुद्धीकरण केंद्राच्या सगळ्या वसाहतीत बातमी पोचवली. नव्या ठिकाणी माणसाच्या आधी त्याचं टोपणनाव रुजू होतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाय ठेवला तेव्हा त्या 'झाकणबाई' होऊन बसल्या होत्या.

बाईंचं वय एकोणपन्नास. त्यातली बावीस वर्षं जुन्या गावच्या पाणीखात्यात तुरटी आणि क्लोरीन यांच्याशी संसार करण्यात गेलेली. नवऱ्याशी संसार सव्वीस वर्षांचा, पण त्यात एवढी मोजमापं लागली नाहीत. बढतीचा कागद आला तेव्हा घरात सगळे खूश झाले. केंद्रप्रमुख! स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची, आवाराला लागून घर. नवरा घरी बसून छापखान्यांची प्रुफं तपासायचा; टेबल, दिवा आणि चष्मा असला की त्याला कुठलंही गाव सारखंच. सासूबाई म्हणाल्या, "मला काय, खिडकी तेवढी रस्त्याकडची द्या." अडचण एकच होती. जुन्या गावात बाईंची फळी राहत होती.

या फळीचं नीट सांगायला हवं. तिथे एकेचाळीस माणसांचा एक गट होता. दर रविवारी सकाळी शाळेमागच्या मैदानावर ही मंडळी दोन-अडीच हजार वर्षं मागे जायची. साधारण निम्मी ग्रीक, बाकीची रोमन. पाववाला, दातांचा डॉक्टर, दोन मास्तर, एक विमा एजंट, सगळे स्वतःच्या हातांनी ठोकलेली शिरस्त्राणं घालून, भाले घेऊन, जुन्या लढाया पुस्तकात सांगितल्या तशा उभ्या करायचे. रोमन लोक ग्रीकांना 'तोंडपाटील' म्हणायचे आणि ग्रीक रोमनांना 'रस्तेखातं'. बघणाऱ्यांना हा पोरखेळ वाटायचा. वाटू दे बापडा. ज्याला वाटतो त्याने सात किलोची ढाल डाव्या हातावर घेऊन पाऊण तास उभं राहून दाखवावं आणि मग तोंड उघडावं.

बाई ग्रीकांत होत्या, पहिल्या फळीत, सातव्या जागेवर. ग्रीक फळीची गोष्ट अशी, की ढाल आपण बनवली, आपण उचलली, तरी ती आपल्या एकट्याची नसते. तिचा उजवा अर्धा भाग आपल्या अंगापुढे येतो आणि डावा अर्धा डावीकडच्या शेजाऱ्यापुढे. आपली उजवी बाजू उघडी राहते, ती उजवीकडच्याच्या ढालीने झाकायची. सहाव्याने सातवीला झाकायचं, सातवीने आठव्याला. जीव घाबरला की माणूस ढाल आपल्याकडे ओढतो आणि डावीकडचा उघडा पडतो. बाईंच्या ढालीवर बगळा रंगवलेला होता, कारण जुन्या केंद्रातल्या निवळणीच्या टाकीवर एक बगळा रोज तासन्तास न हलता उभा असायचा. आठव्या जागेवर पाववाला उभा राहायचा आणि चौदा वर्षांत त्याच्या अंगाला एकदाही खडू लागला नव्हता.

खडू कसला, तर परीक्षेचा. गटाचा म्होरक्या होता एक निवृत्त बस कंडक्टर. तीस वर्षं "पुढे सरका, मध्ये जागा ठेवू नका" म्हणून म्हणून त्याचा घसा फळीसाठीच तयार झाला होता. त्याच्याकडे एक लांब काठी होती, टोकाला चिंध्यांचा गोळा, गोळ्याला खडूची पूड. वर्षातून एकदा, मोठ्या मेळाव्याच्या दिवशी, तो पहिल्या फळीतल्या प्रत्येकावर तीन वार करायचा. खडू आपल्या अंगाला लागला तर सगळे हसायचे आणि विषय संपायचा. डावीकडच्याला लागला तर मात्र जागा गेली. मग मागे जाऊन पाण्याच्या पखाली सांभाळायच्या.

निघायच्या आधीच्या रविवारी कंडक्टर म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची जागा आता भरावी लागेल. सहा तासांवरून तुम्ही काय येणार?"

"दर रविवारी नाही येणार. मेळाव्याला येईन आणि परीक्षेला उभी राहीन. तोवर जागेला हात लावायचा नाही."

"एकट्याने सराव करून फळी जमत नसते."

"ते माझं मी बघते. तुम्ही काठी तयार ठेवा."

तर असं बोलून बाई नव्या गावात आल्या होत्या. बोलणं सोपं असतं. सकाळी सहा वाजता गार वाऱ्यात निवळणीच्या टाक्यांमागे गवताच्या पट्ट्यावर एकटीनेच ढाल धरून उभं राहणं कठीण. पण बाई उभ्या राहिल्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी वाचनालयात चिठ्ठी लावली, 'ग्रीक-रोमन सरावासाठी माणसं हवीत'. दोन माणसं आली. एकाने पोशाख फुकट मिळतो का विचारलं आणि दुसरा शिरस्त्राणाचा भंगारात काय भाव येईल ते सांगून गेला. त्यानंतर बाईंनी चिठ्ठी काढून टाकली. एकटा जीव सदाशिव म्हणत त्या रोज सहा ते पावणेसात सराव करू लागल्या आणि आठ वाजता प्रयोगशाळेत सहा काचेच्या भांड्यांत तुरटीचं प्रमाण तपासताना दिसू लागल्या.

हेडक्लार्क भला माणूस होता, पण भल्या माणसांना लोकांची फार काळजी. तो एक दिवस दार लोटून आत आला. "मॅडम, राग मानू नका. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"हेच, की... केंद्रप्रमुखांनी या वयात..."

"पाण्याबद्दल काही बोलतात का?"

"नाही मॅडम. पाणी चांगलं येतंय म्हणतात."

"मग बोलू द्या की," बाई म्हणाल्या आणि पुन्हा भांड्यांत डोकावल्या.

लोकांचं बोलणं वरच्या साहेबांपर्यंत गेलं. साहेब म्हणजे विभागाचे अभियंता, स्वच्छ माणूस, पण खुर्चीच्या शोभेपुढे त्यांना काही दिसत नसे. त्यांनी बाईंना समोर बसवून समजावलं, की पदाला एक भारदस्तपणा असतो. बाई म्हणाल्या, "साहेब, मी आल्यापासून गढूळपणाचा आकडा एकदाही वर गेलेला नाही. तो वर गेला तर ढाल मी स्वतः तुमच्या टेबलावर आणून ठेवीन." साहेबांनी दुसऱ्याच दिवशी आदेश काढला. आवारात शस्त्र किंवा शस्त्रासारखी वस्तू बाळगण्यास मनाई.

बाईंनी आदेश दोनदा वाचला. त्यात 'आवारात' असा शब्द होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या मुख्य फाटकातून बाहेर पडल्या, तीन पावलं चालल्या आणि फाटक आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीवर ढाल घेऊन उभ्या राहिल्या. आधी त्यांना टाक्यांमागे चार पहारेकरी बघायचे. आता अख्खा रस्ता बघू लागला. दूधवाले थांबत. शाळेच्या बसमधली पोरं खिडक्यांना नाकं चिकटवत. बाईंनी अंगावर लाल झगा आणि घोड्याच्या केसांचा तुरा लावलेलं शिरस्त्राणसुद्धा चढवलं, जे त्या टाक्यांमागे घालत नव्हत्या. नाकावर टिच्चून करायचं तर अर्धवट कशाला, हा त्यांचा हिशेब.

सासूबाईंची खिडकी नेमकी त्याच बाजूची होती. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, कंबर दुखरी, जीभ मात्र ठणठणीत. चहाचा कप हातात घेऊन त्या रोज बघत. "आमच्या वेळी सुना डोक्यावर पदर घेत," त्या मुलाला सांगत, "हिने तुरा घेतलाय." सासू-सुनेत भांडण असं कधी नव्हतं, तसा गोडवाही नव्हता. एकाच घरात सव्वीस वर्षं दोघी एकमेकींना वाट देत चालल्या होत्या, इतकंच.

नऊ महिने असे गेले. मग नवऱ्याने एका सकाळी मोबाइलवर बाईंच्या सरावाचं चित्रण केलं आणि कंडक्टरला पाठवून दिलं. बाईंना वाटलं, आता म्हातारा शाबासकी देईल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. एकच ओळ होती. 'ढाल स्वतःच्या पोटापुढे धरलीत बाई, आठव्याने काय करायचं?'

बाईंनी जेवण बाजूला सारलं आणि चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं. खरंच होतं. ढाल वीतभर उजवीकडे सरकलेली होती. उजवीकडे झाकायला कुणी नाही, डावीकडे झाकायचं कुणी नाही. रोज कणाकणाने हाताने आपली सोय बघितली आणि त्यांना पत्ता लागला नाही. पाण्याच्या थेंबावर विश्वास न ठेवणारी बाई, दर दोन तासांनी नमुना तपासणारी, आणि नऊ महिन्यांत स्वतःच्या हाताचा नमुना एकदाही तपासला नाही! त्यांना इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

घरी येऊन त्या नवऱ्यावर घसरल्या. "अहो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढता, ही नाही दिसली तुम्हाला?"

"अगं, मी अक्षरांतल्या काढतो," तो बिचारा म्हणाला.

"तीन महिने राहिलेत. डावीकडे माणूस असल्याशिवाय हात जागेवर येणार नाही. इथे कोण उभं राहणार माझ्या डावीकडे? कंडक्टरना कळवून टाका, जागा भरा म्हणून." हे बोलून त्या ढालीला चादर गुंडाळू लागल्या. सव्वीस वर्षांत त्या घराने त्यांना हार मानताना बघितलं नव्हतं, त्यामुळे नवरा प्रुफं बाजूला सारून उठला.

आतून काठीचा आवाज आला. सासूबाई दारात उभ्या होत्या. "काय गं, माणूस कसलं लागतं? भाला येणारं?"

"नाही आई. नुसतं उभं राहणारं. न हलता."

"मग काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? मी नाहीतरी खिडकीत उभीच असते."

"तुम्हाला लागेल, आई. हे काठीने ढोसणार."

"लागू नये म्हणूनच ढाल आहे ना तुझी? की ती नुसतीच मिरवायला?"

बाईंनी ढालीची चादर पुन्हा सोडली. सकाळी सहाला फाटकाबाहेर दोघी उभ्या राहिल्या. खडू उठून दिसावा म्हणून सासूबाईंनी मुलाचा जुना काळा कोट घातला होता. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. समोर नवरा, हातात फरशी पुसायची काठी, टोकाला चिंध्या, चिंध्यांना खडू. पहिलाच वार ढालीच्या कडेवरून घसरून सासूबाईंच्या उजव्या बरगडीवर बसला. नवरा काठी टाकून "आई!" म्हणत धावला.

"परत जा जागेवर!" त्या ओरडल्या. "आणि तू गं, स्वतःला किती सांभाळशील? सरकव ती इकडे!"

ढाल डावीकडे सरकवणं म्हणजे स्वतःची उजवी बाजू उघडी टाकणं. डोक्याला ते चौदा वर्षं माहीत होतं, हात ऐकत नव्हता. काठी येताना दिसली की कोपर आपोआप आत यायचं. दोन आठवडे रोज सासूबाईंच्या कोटाला खडू लागला. रोज संध्याकाळी बाई तो कोट झटकायच्या आणि सासूबाईंच्या कंबरेला तेल लावायच्या. आधी मुकाट्याने, मग हळूहळू बोलत. "मी या घरात आले तेव्हा माझ्या सासूने मला कुणापुढे कधी झाकलं नाही," सासूबाई एकदा पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "मीही तुला झाकलं नाही. डोक्यात आलंच नाही कधी." बाईंचा हात थांबला. "आता झाकलंत ना, आई. त्या दिवशी दारात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तेल लावू लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात कोट पहिल्यांदा कोरा राहिला. त्या दिवशी बाईंच्या उजव्या खांद्यावर मात्र हिरवानिळा डाग उठला होता आणि भांडी तपासताना हात वर जात नव्हता. हेडक्लार्कने घाबरून विचारलं, "मॅडम, पडलात का?"

"छे. जागेवर उभी होते," बाई म्हणाल्या.

मेळाव्याच्या दिवशी तिघं जुन्या मैदानावर पोचली तेव्हा फळी उभी राहत होती. बाईंनी पाहिलं, सातवी जागा मोकळी होती. कंडक्टरने शब्द पाळला होता. पण आठवीही मोकळी होती. पाववाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो कुबड्या घेऊन दोरीपलीकडे खुर्चीवर बसला होता.

कंडक्टर जवळ आला. चेहऱ्यावर अवघडलेपण होतं. "बाई, आठवा नाही. परीक्षा कुणाबरोबर घेऊ? तुम्ही यंदा मागे थांबा, पखालींपाशी. पुढच्या वर्षी बघू."

"नववा सरकू दे की."

"नियम माहीत आहे तुम्हाला. ज्याच्या बरोबर सराव केला त्याच्याच बरोबर परीक्षा. नवव्याबरोबर तुम्ही कधी उभ्या होतात? वर्षभर तुम्ही सराव केलात तरी कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर," मागून आवाज आला.

सासूबाईंनी पिशवीतून काळा कोट काढला होता आणि त्यात एक हात घातला होता. दुसऱ्या हाताला बाही सापडत नव्हती. ती मुलाने धरून दिली. त्या काठी टेकत फळीपर्यंत आल्या आणि आठव्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. रोमन बाजूने कुणीतरी हसलं.

"आजी, तुम्ही गटात नाही," कंडक्टर म्हणाला.

"गटाचा नियम तूच आत्ता सांगितलास. सराव जिच्याबरोबर, परीक्षा तिच्याबरोबर. मी अडीच महिने हिच्या डावीकडे उभी आहे. घे काठी."

"आजी, वय किती तुमचं?"

"खडूला वय कळतं का? मार. मला जास्त वेळ उभं राहवत नाही."

कंडक्टरने फळीकडे पाहिलं, पाववाल्याकडे पाहिलं. पाववाल्याने कुबडी वर करून मान हलवली. बाईंनी ढाल उचलली. बगळ्याची चोच डावीकडे होती, ती सासूबाईंच्या काळ्या कोटापुढे गेली आणि थांबली. उजवीकडचा सहावा नवखा होता. त्याची ढाल त्याने स्वतःपुढेच धरली होती. बाईंना ते दिसलं. त्यांनी आपली ढाल हलवली नाही.

पहिला वार ढालीच्या मध्यावर बसला. दुसरा खालून आला, सासूबाईंच्या मांडीच्या रोखाने, आणि कडेवर आपटला. तिसऱ्या वेळी कंडक्टरने आधी बाईंच्या उघड्या खांद्यावर हूल दिली. हीच त्याची जुनी खोड. इथेच माणसं ढाल आत ओढतात. बाईंनी ती येऊ दिली. गोळा खांद्यावर आपटला, त्याच जुन्या दुखऱ्या जागेवर, डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि काठी तशीच घसरून सासूबाईंकडे वळली, तेव्हा ढाल तिथेच होती.

कंडक्टरने काठी खाली टेकली आणि सासूबाईंभोवती एक फेरी मारून कोट नीट बघितला. पुढून, बाजूने, बाह्यांच्या टोकापर्यंत. मग तो वळला आणि जुन्या बसमधल्या आवाजात ओरडला, "सातवी जागा भरलेली आहे! पुढे सरका!"

गटाच्या वहीत त्याने सातव्या जागेपुढचं नाव तसंच ठेवलं. आठव्या जागेपुढे पाववाल्याचा गुडघा बरा होईपर्यंत दुसरं नाव लिहिलं आणि सासूबाईंनी चष्मा लावून ते बरोबर लिहिलंय का ते तपासलं. मुलगा म्हणाला, "आई, ते माझं काम आहे." त्या म्हणाल्या, "तुझ्या नजरेचा भरवसा नाही."

सोमवारी सकाळी सहा वाजता झाकणबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. डावीकडे काळा कोट. साडेसहाच्या सुमाराला साहेबांची गाडी आली. आज तपासणी होती. चालकाने सवयीने गाडी पट्टीवर घेतली, जिथे तो ती नेहमी लावायचा, आणि दोघींसमोर थांबवून हॉर्न दिला. कुणी हललं नाही. साहेबांनी काच खाली केली. त्यांनी ढालीकडे पाहिलं, तुऱ्याकडे पाहिलं आणि मग त्या काळ्या कोटातल्या म्हातारीकडे पाहिलं.

"आजी, बाजूला होता का जरा?"

"तुम्हीच घ्या गाडी मागे," सासूबाई म्हणाल्या. "दिसत नाही का? इथे फळी उभी आहे."

साहेबांनी क्षणभर बाईंकडे पाहिलं. बाईंनी ढाल तसूभरही हलवली नाही. मग काच वर गेली आणि गाडी मागे गेली.